रात्री पावणेतीनला पडदा खाली आला: होम थिएटरचा कंट्रोलर बसवताना

३ जानेवारीला खोकं घरी आलं आणि १४ मार्चला आईने कुणालाही हाक न मारता एकटीने सिनेमा लावला. मधले बरोबर दहा आठवडे कसे गेले ते लिहून ठेवते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा असं सलग लिहिलेलं मला काही सापडलं नव्हतं. मी या क्षेत्रातली नाही. स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, मल्टिमीटर वाचता येतो आणि मॅन्युअल शेवटपर्यंत वाचायची सवय आहे, एवढंच भांडवल.

आमच्या त्या खोलीत प्रोजेक्टर, मोटरवर वर-खाली होणारा पडदा, रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारी पेटी), स्ट्रीमिंग बॉक्स, ब्लू-रे प्लेअर आणि डिमरवरचे दिवे आहेत. सहा वस्तू, सहा रिमोट, आणि कोणता कधी दाबायचा हे फक्त मला पाठ. मी बाहेर असले की खोली बंद. एकदा आईचा फोन आला, ‘आवाज येतोय, चित्र नाही’. पुढची पंचवीस मिनिटं मी तिला ‘काळा रिमोट... नाही, दुसरा काळा’ असं सांगत रस्त्यात उभी होते. शेवटी ती म्हणाली, ‘राहू दे, मी पुस्तक वाचते.’ त्या दिवशी ठरवलं, हे सगळं एका बटणावर आणायचं.

आधी वाटलं होतं, सरळ एक चांगला युनिव्हर्सल रिमोट घ्यावा. पण लॉजिटेकने २०२१च्या एप्रिलमध्ये हार्मनी हे युनिव्हर्सल रिमोट बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असणाऱ्या वस्तूंबद्दल माझ्या मनात धाकधूक आहे. म्हणून रिमोटऐवजी कंट्रोलर बघायला गेले तेव्हा प्रत्येक दुकानदाराला मी एकच प्रश्न विचारला: इंटरनेटची वायर काढली तर यातलं काय काय चालेल? दोघांनी उत्तर टाळलं. तिसऱ्याने माझ्यासमोर वायर काढून दाखवली, आणि त्याच्याकडून कंट्रोलर घेतला. दुकानात मांडून ठेवलेला नमुना होता, म्हणून स्वस्तात मिळाला. या स्वस्ताईची कथा पुढे येतेच.

कंट्रोलर म्हणजे एक छोटा संगणक, ज्याच्या पाठीला नाना तऱ्हेची भोकं असतात. आयआर (साध्या रिमोटचा अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश), आरएस-२३२ (वायरीवरून हुकूम आणि उत्तरं नेण्याची जुनी पद्धत), रिले (इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), सेन्सर, इथरनेट. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी काहीही न जोडता वही घेऊन बसले आणि प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहिल्या. ही कोणत्या मार्गाने ऐकते? ‘चालू’ आणि ‘बंद’ यांसाठी वेगवेगळे हुकूम आहेत, की एकच बटण दोन्ही कामं करतं? आणि ही उलट उत्तर देते का? तिसरा प्रश्न मला तेव्हा फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. आयआर एकेरी असतं: हुकूम सोडायचा आणि पोचला असेल असं धरून चालायचं. आरएस-२३२ आणि नेटवर्कवर वस्तू परत बोलते, ‘हो, मी चालू आहे’ म्हणून सांगते. जिथे हा मार्ग उपलब्ध आहे तिथे तोच घ्या. पुढचे माझे निम्मे घोटाळे जिथे उत्तर येत नव्हतं तिथलेच होते.

८ जानेवारीला कंट्रोलर पहिल्यांदा सुरू केला आणि एक ओळ दिसली: हे उपकरण दुसऱ्या खात्यावर नोंदलेलं आहे. म्हणजे दुकानाच्या. दुकानदार म्हणाला, आम्ही काढलंय. कंपनीचा मदत विभाग म्हणाला, निघालेलं नाही. मी तक्रार नोंदवली, लगेच एक क्रमांक आला आणि मग सहा दिवस शांतता. १४ तारखेला उत्तर आलं: खरेदीच्या बिलाची प्रत, तळाच्या लेबलचा फोटो आणि मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) पाठवा. लेबल तळाला आणि कंट्रोलर मी हौसेने आधीच कपाटात स्क्रूने पक्का केलेला. तो सोडवला, फोटो काढला, पाठवला. १७ला नकार. कारण? बिलावरचा अनुक्रमांक लेबलशी जुळत नाही. अर्धा तास मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत होते. शेवटून तिसरं अक्षर लेबलवर ‘बी’ होतं आणि दुकानातल्या मुलाने बिलात ‘आठ’ लिहिला होता.

दुरुस्त बिल मिळायला २१ तारीख उजाडली आणि कंट्रोलर माझ्या नावावर झाला २४ला. सोळा दिवस, एका अक्षरापायी. पण चूक माझीही होतीच. प्रदर्शनातली किंवा वापरलेली वस्तू घेत असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच ती तुमच्या खात्यावर उघडून घ्या. बिलातला अनुक्रमांक तिथेच लेबलशी अक्षर-अक्षर ताडून बघा. आणि भिंतीला काहीही ठोकण्याआधी प्रत्येक वस्तूच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. माझ्या फोनमध्ये आता ‘लेबलं’ नावाचा एक वेगळा अल्बम आहे.

ते सोळा दिवस अगदीच वाया गेले नाहीत. कपाटाकडे बघायला वेळ मिळाला. रिसीव्हर बंद दाराच्या कपाटात होता, वरच्या फळीपासून बोटभर खाली. दीड तास चालवून वर हात ठेवला तर जेमतेम तीन सेकंद ठेवता आला. आता त्याच्या शेजारी चोवीस तास चालू राहणारा कंट्रोलर येणार. म्हणून पाठीमागच्या फळीला खाली दोन आणि वर दोन गोल भोकं पाडून घेतली, रिसीव्हरच्या डोक्यावर वीतभर जागा केली आणि वरच्या भोकाशी १२ व्होल्टचा लहानसा पंखा लावला. गरम हवा वर जाते हे आपण शाळेत शिकतो आणि कपाट करून घेताना विसरतो.

३१ जानेवारीला वायरमन काका आले. इथे जरा सावकाश सांगते, कारण या एका दिवशी मी मोठी चूक करता करता वाचले.

पडद्याच्या मोटरला चार वायरी असतात: न्यूट्रल, अर्थिंग, वर जाण्याची फेज आणि खाली येण्याची फेज. भिंतीवर वर-खालीचं बटण होतंच. माझ्या वहीतल्या आकृतीत मी कंट्रोलरचे दोन रिले सरळ त्या बटणाला समांतर जोडले होते. एक रिले वर, एक खाली. किती सोपं! काकांनी आकृती बघितली, कंट्रोलर हातात घेतला, उलटा केला आणि चष्मा वर सारून म्हणाले, “ताई, यावर काय लिहिलंय वाचलंत का?”

रिलेच्या भोकांखाली बारीक अक्षरात होतं: ३० व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे ते रिले कमी व्होल्टेजच्या इशाऱ्यासाठी आहेत, मेन लाइन त्यांच्यातून न्यायचीच नाही. नेली असती तर संपर्क जळाले असते, कदाचित चिकटून बसले असते, आणि ज्या पेटीला आपण आयआरच्या वायरी लावायला बिनधास्त हात घालतो तिच्या पाठीवर मेनचा करंट खेळला असता.

“आणि दुसरं,” काका म्हणाले, “तुम्ही इथून खाली दाबलं आणि आजींनी भिंतीवरून वर दाबलं, तर?” मोटरच्या दोन्ही फेजना एकाच वेळी वीज मिळाली तर मोटरची वाट लागते. मी हा विचारच केला नव्हता. माझ्या डोक्यात बटण दाबणारी मी एकटीच होते.

मग पडद्यासाठी वेगळं मोटर कंट्रोल मॉड्यूल आणलं. मेन लाइन त्या मॉड्यूलमध्येच राहते. कंट्रोलरचे रिले आणि भिंतीवरचं नवं बटण दोन्ही त्याला फक्त इशारा देतात, आणि दोन्ही दिशा एकदम चालू होऊ नयेत याचं इंटरलॉक त्याच्या आत असतं. प्रोग्राममध्येही मी तशीच अट घातली आहे. पण प्रोग्राम उद्या मीच बिघडवू शकते, म्हणून खरा अडसर तारेत हवा.

काकांनी एमसीबी पाडला, त्याला चिकटपट्टी लावली, टेस्टर लावून बघितला आणि परत मल्टिमीटरनेही मोजलं. “टेस्टर खोटं बोलतो कधी कधी,” म्हणाले. आयआर आणि नेटवर्कच्या वायरी मेनच्या पाइपातून न नेता वेगळ्या पाइपातून नेल्या, आणि जिथे एकमेकींना ओलांडणं भागच होतं तिथे काटकोनात ओलांडल्या. त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला तर वीज तोडणारा स्विच) आहे ना, हेही त्यांनी आधी बघून घेतलं. रिकाम्या पाइपात एक दोरी ओढून ठेवायला मी सांगितलं होतं. ती पुढे दोनदा कामाला आली. मेनशी संबंधित एकही जोडणी मी स्वतः केली नाही आणि तुम्हीही करू नका. जिना धरायला, टॉर्च दाखवायला आणि वहीत लिहायला मी होते.

खर्चाचं म्हणाल तर कंट्रोलरच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी रक्कम सटरफटर गोष्टींत गेली: मॉड्यूल, पाइप, आयआरच्या चिकटवायच्या डोळ्या, वायरी, पंखा, छोटा यूपीएस, काकांची दोन दिवसांची मजुरी. खोक्यावरची किंमत बघून हिशेब बांधू नका.

मग फेब्रुवारी. आयआरच्या डोळ्या, म्हणजे वायरीच्या टोकाला असलेले मसुराएवढे एलईडी, वस्तूच्या आयआर टिपणाऱ्या भागासमोर नेमके चिकटवायचे असतात. काळ्या काचेमागे तो कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही. टॉर्च तिरका मारला की आत लहानसा फुगीर ठिपका दिसतो, तिथे. डोळी पेटते का हे बघायला फोनचा पुढचा कॅमेरा वापरा. मागच्या कॅमेऱ्यांना बहुधा इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते, पुढच्यात बऱ्याचदा फिका जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. खरं तर तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकत असतो, आपल्याला नुसता थरथरल्यासारखा दिसतो. चिकटपट्टी काढण्याआधी जागा पक्की करा. एक डोळी मी चार वेळा काढून लावली आणि तिचा गोंदच गेला.

ब्लू-रे प्लेअर मात्र अडून बसला. त्याला चालू-बंदसाठी एकच बटण, आणि तो उत्तरही देत नाही. तो आधीच चालू असेल तर माझा ‘चालू कर’ हा हुकूम त्याला बंद करायचा. उपाय शोधताना लक्षात आलं की त्याच्या मागच्या यूएसबी पोर्टला तो चालू असतानाच ५ व्होल्ट येतात. ते कंट्रोलरच्या सेन्सर इनपुटला जोडले. (ते इनपुट तेवढं व्होल्टेज घेतं का हे मॅन्युअलमध्ये बघूनच.) आता कंट्रोलर आधी बघतो, प्लेअर जागा आहे का, आणि झोपला असेल तरच उठवतो. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आनंद या जुगाडाचा झाला, हे कबूल करते.

७ आणि ८ फेब्रुवारी, शनिवार-रविवार, आरएस-२३२ने खाल्ले. प्रोजेक्टरला वायर लावली, वेग ९६००, बाकीचे आकडे मॅन्युअलप्रमाणे, आणि पलीकडून चकार शब्द नाही. प्रोग्राम तीनदा लिहिला. दुसरी वायर आणली. रविवारी संध्याकाळी मल्टिमीटरचं टोक एकेका पिनेला लावत बसले तेव्हा उमगलं: दोन्हीकडे बोलायची वायर बोलायच्याच पिनेला गेली होती आणि ऐकायची ऐकायच्या. दोघंही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. दोन आणि तीन नंबरच्या पिनांची अदलाबदल असलेली वायर लागते, तिला नल मोडेम केबल म्हणतात. ती लावल्यावर तीन सेकंदांत प्रोजेक्टरचं उत्तर आलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मुलगी दारातून डोकावून गेली.

प्रोजेक्टर बोलायला लागल्याचा फायदा मोठा आहे. आमचा दिव्याचा प्रोजेक्टर सुरू झाल्यावर चाळीसेक सेकंद तापत असतो, त्या काळात सांगितलेलं काही ऐकत नाही. बंद केल्यावर आतला पंखा काही वेळ चालून दिव्याला थंड करतो, तेव्हाही ऐकत नाही. आधी मी प्रोग्राममध्ये अंदाजाने थांबे घातले होते: दहा सेकंद थांब, वीस थांब. आता तो ‘तापतोय’, ‘तयार’, ‘थंड होतोय’ असं स्वतः सांगतो आणि पुढची पायरी त्यावर ठरते. बरेच जण असा प्रोजेक्टर स्मार्ट प्लगवर लावतात आणि प्लगच बंद करतात. पंखा चालू असताना वीज तोडली की दिव्याचं आयुष्य कमी होतं. ते करू नका.

१४ फेब्रुवारीला ‘सिनेमा’ हे एकच बटण दाबलं आणि पडदा उतरला, दिवे मंदावले, चित्र आलं, आवाज आला. मला वाटलं, झालं. हुकूम सोडायला शिकवणं खरंच तेवढ्यात झालं होतं. यापुढचा महिना कंट्रोलरला काय करायचं नाही ते शिकवण्यात गेला.

१९ फेब्रुवारी, रात्री पावणेतीन. घरघर ऐकू आली. मी उठून त्या खोलीत गेले तर दिवे मंद पेटलेले, प्रोजेक्टर तापतोय आणि पडदा सावकाश खाली येतोय. पडद्याखाली मुलीचं चित्रकलेचं स्टँड, त्यावर ओलं चित्र. पडद्याचा खालचा दांडा स्टँडच्या टोकाला टेकला, कापड सैल पडलं, एक लांब घडी आली आणि स्टँड कलायला लागलं. भिंतीवरचं बटण दाबून मी पडदा वर घेतला. ती घडी अजून आहे. डावीकडे खाली, आकाशाचं दृश्य असलं की दिसते.

काय झालं होतं ते सकाळी कंट्रोलरमधल्या नोंदी वाचून कळलं. स्ट्रीमिंग बॉक्सने रात्री स्वतःला अपडेट केलं आणि तो जागा झाला. एचडीएमआय केबलीतून वस्तू एकमेकींना हुकूम सोडू शकतात, त्याला सीईसी म्हणतात. बॉक्सने त्यातून रिसीव्हरला उठवलं. आणि मी शहाणपणा करून प्रोग्राममध्ये लिहिलं होतं: रिसीव्हर चालू झाला की ‘सिनेमा’ सुरू कर. कुणी रिसीव्हर हाताने लावला तर पुढचं आपोआप व्हावं म्हणून! एका घरात दोन कारभारी झाले होते.

मी सगळ्या वस्तूंमधलं सीईसी बंद केलं. प्रत्येक कंपनीने त्याला स्वतःचं वेगळंच नाव ठेवलेलं असतं, त्यामुळे मेनूमध्ये शोधायलाच तास गेला. तुमच्याकडे टीव्ही असेल आणि त्याचा आवाज एआरसीने, म्हणजे त्याच एचडीएमआय केबलीतून उलटा, रिसीव्हरकडे येत असेल तर जरा जपून: बहुतेक ठिकाणी सीईसी बंद केलं की एआरसीही बंद पडतं. आमच्याकडे प्रोजेक्टर असल्याने तो प्रश्न आला नाही. दुसरा नियम मी त्याच दिवशी वहीत लाल शाईने लिहिला: जे हलतं आणि जे तापतं ते माणसाने बटण दाबल्याशिवाय सुरू होणार नाही. वेळापत्रकावर नाही, सेन्सरवर नाही, आवाजी हुकमावर तर नाहीच. बंद होणं आपोआप चालेल. आणि पडदा हलत असेपर्यंत खोलीतला निदान एक दिवा उजेड ठेवतो, म्हणजे खाली काय आहे ते दिसतं.

पुढच्याच रविवारी, २२ला, आवाजाची गोष्ट. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आवाजाचं बटण दाबून धरलं की वाढत जातो आणि सोडलं की थांबतो. म्हणजे प्रत्यक्षात दोन हुकूम जातात, ‘वाढवायला लाग’ आणि ‘थांब’. त्या दिवशी वायफाय नेमकं मधे अडखळलं. पहिला हुकूम पोचला, दुसरा नाही. मी बोट उचललं आणि आवाज चढतच राहिला. आई पुढच्या खुर्चीत होती. तिने दोन्ही कान दाबले आणि माझ्याकडे बघितलं, ते बघणं अजून डोळ्यांसमोर आहे. मी रिसीव्हरकडे धावले आणि आवाजाची चकती उलटी फिरवली. चारपाच सेकंदच असतील.

कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची कामाच्या जागेसाठीची शिफारस आहे: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ला ४ तास, ९१ला २ आणि १००पर्यंत गेलात तर १५ मिनिटं. घरातला रिसीव्हर आणि मोठे स्पीकर तिथवर सहज जातात. म्हणून पहिली मर्यादा रिसीव्हरच्याच मेनूत घातली: कमाल आवाज इतका आणि चालू होताना आवाज नेहमी इतकाच. ही मर्यादा कंट्रोलर किंवा फोन कुणालाच ओलांडता येत नाही. दुसरं, दाबून धरायचं बटण काढूनच टाकलं. आता एका दाबाला एक पायरी. तिसरं, टेबलावर बटणांचा साधा रिमोट ठेवला, ज्याला वायफायशी देणंघेणं नाही.

याच सुमाराला मुलीने मैत्रिणीला दाखवायला पडदा वर-खाली, वर-खाली केला आणि मोटर अर्ध्यात थांबली. घरात रडारड. मोटरच्या लेबलवर लिहिलेलं असतं की ती सलग किती मिनिटं चालू शकते. आमच्या मोटरवर ४ आहे. त्यापुढे आतला उष्णतेचा कट-आउट तिला थांबवतो. वीसेक मिनिटांनी आपोआप सुरू झाली. मी फोनमधल्या ‘लेबलं’ अल्बममध्ये जाऊन बघितलं, तिथे ते आधीपासून होतंच.

नेटवर्कचं काम २८ फेब्रुवारीला, शनिवारी काढलं. मला वाटत होतं, पासवर्ड बदलला की संपलं. कंट्रोलरच्या वापरकर्त्यांची यादी उघडली तर मी, आई आणि दुकानाचं जुनं खातं, पूर्ण अधिकारांसह. उपकरण माझ्या नावावर झालं होतं, पण जुनी किल्ली त्यांच्याकडेही राहिली होती. कुणी काही केलं नव्हतं, नोंदीत तसं काही दिसलं नाही. तरी पाठीवरून काटा सरकला. खातं काढून टाकलं. कुणाकडूनही बसवून घ्याल तर काम संपल्यावर ही यादी नक्की बघा.

बाहेरून वापरता यावं म्हणून राउटरवर एक पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडायचा सल्ला मला एका जाणकाराने दिला होता. मी तो मानला नाही. आमचा रिसीव्हर टेलनेट या जुन्या, साध्या पद्धतीने, २३ नंबरच्या पोर्टवर, बिनपासवर्डाचे हुकूम घेतो. घरात ठीक आहे, पण तोच दरवाजा जगाला उघडा? २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ढिगाने ताब्यात घेतले होते, ते याच तऱ्हेच्या दारातून. बाहेरून लागलंच तर व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता. राउटरमधलं यूपीएनपी बंद केलं, म्हणजे वस्तूंना परस्पर दारं उघडता येत नाहीत. प्रत्येक वस्तूला राउटरमध्येच कायमचा पत्ता राखून दिला, कारण त्याआधी राउटर बंद-चालू झाला की रिसीव्हरचा पत्ता बदलायचा आणि कंट्रोलर रिकाम्या घराचं दार ठोठावत बसायचा. आणि फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मी सिनेमाच्या संध्याकाळी करत नाही. करण्याआधी प्रोग्रामची प्रत पेन ड्राइव्हवर घेते. एकदा घेतली नव्हती, त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

५ मार्चला वीज गेली, सिनेमा चालू असताना. प्रोजेक्टरचा पंखा झटक्यात थांबला, दिवा आत धगधगत. दहा मिनिटांनी वीज आली आणि काही वस्तू जाग्या, काही झोपलेल्या असा गोंधळ. आता कंट्रोलर, राउटर आणि प्रोजेक्टर यूपीएसवर आहेत. वीज गेली की कंट्रोलर प्रोजेक्टरला रीतसर बंद करतो, पंखा आपलं काम पुरं करतो, तेवढा वेळ यूपीएस पुरतो. तो किती वेळ पुरतो हे मी मेन बंद करून घड्याळ लावून बघितलं. वीज परत आल्यावर सगळं बंदच राहतं, पडदा असेल तिथेच.

शेवटचा आठवडा आईचा. तिने सांगितलं तसं बटणांवरची नावं बदलली. मी ‘सोर्स १’ लिहिलं होतं, तिने विचारलं, “म्हणजे काय?” आता ‘सिनेमा’, ‘गाणी’, ‘चकती’ (ब्लू-रेसाठी) आणि मोठ्या अक्षरात ‘बंद’ आहे. कपाटाच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवला: कंट्रोलर बंद पडला तर पडदा भिंतीवरच्या बटणाने, प्रोजेक्टर त्याच्या स्वतःच्या रिमोटने, आवाज रिसीव्हरच्या चकतीने. जुने सहाही रिमोट एका डब्यात, पाठीवर नावं लिहून. मग एका दुपारी मी कंट्रोलरची वायर काढून ठेवली आणि तिला काही न सांगता कागद वाचून सिनेमा लावायला लावला. सात मिनिटं लागली, एकदा ओरडली.

१४ मार्चला मी उशिरा घरी आले तेव्हा सिनेमा संपत आला होता. मी दारातच उभी राहिले. आईने रिमोटवरचं ‘बंद’ दाबलं. आवाज गेला, दिवे हळूहळू वर आले, पडदा घरघरत वर निघाला. तो पूर्ण वर जाईपर्यंत ती बघत बसली, प्रोजेक्टरचा पंखा थांबला तेव्हा उठली. रिमोटवर दिव्यांचंही बटण होतं. ती भिंतीपाशी गेली आणि तिथल्या बटणानेच दिवे घालवले.